भाऊजी, कंसातलं मनात वाचा

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा दंडवत. आजवर प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'तीर्थस्वरूप' हा शब्द मी विचार न करता लिहीत आलो. या वेळी मात्र लिहिताना हात थबकला. खरी तीर्थं कशी असतात, तिथे चढ किती, रांग किती आणि चपला ठेवायला जागा किती कमी, हे आता मला चांगलंच कळलं आहे. त्या मानाने तू फार सोयीचं तीर्थ आहेस. तुझ्याकडे आलं की खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि बोलणी खायला रांगेत उभं राहावं लागत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? झोप लागते का? डोळ्यांचं विचारत नाही, विचारलं की तू चिडतेस. इकडे सगळे खुशाल आहेत. लाँड्री बरी चालली आहे, आमच्या हिची कंबर थोडी धरली आहे, आणि इस्त्रीचं नवं यंत्र घेतलंय ते कॉलरी सोडून बाकी सगळं उत्तम करतं. फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तूच बोलतेस. तुझं बोलून होईपर्यंत मी फोन कशासाठी केला होता ते मला आठवत नाही. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, एवढीच माझी सोय.

आता पत्र वाचून दाखवणाऱ्यांना एक सूचना. भाऊजी, साष्टांग नमस्कार. तुमची हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. समोर जोडीदार मूळ प्रत घेऊन बसला आहे अशा थाटात तुम्ही आजही सगळं वाचता: स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. माझ्या लग्नाची पत्रिका तुम्ही भर बैठकीत उद्गारचिन्हांसकट वाचली होती, हे आमच्या सासरची माणसं अजून सांगतात. तर या पत्रापुरती ती सवय बाजूला ठेवा. कंसातला मजकूर तुमच्या एकट्यासाठी आहे, तो मनात वाचा. अक्का, त्यात तुझ्या उपयोगाचं काही नाही. गाड्यांच्या वेळा, रस्त्यांची अवस्था, असलंच काहीतरी आहे.

(भाऊजी, मनात म्हणजे मनातच. ओठसुद्धा हलवू नका. दिसायचं कमी झाल्यापासून तिला तुमचे ओठ हललेलेही ऐकू येतात.)

झालं ते पहिल्यापासून सांगतो. डॉक्टरांनी तुझे दोन्ही मोतीबिंदू पिकल्याचं सांगितलं आणि तू पंचांगकाकांकडे कुंडली पाठवलीस. पंचांगकाकांनी ती उलगडली, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, सूर्य म्हणजे उजवा डोळा, चंद्र म्हणजे डावा डोळा, आणि बाईंच्या पत्रिकेत या दोघांवरही शनीची नजर आहे. तिघांची क्षेत्रं केल्याखेरीज डोळ्याला शस्त्र लावू देऊ नका. खरं तर त्यांनी तुझ्या राशीचं क्षेत्रसुद्धा काढलं होतं. बारा राशींना बारा क्षेत्रं नेमून दिलेली असतात म्हणे. पण तुझं इतकं लांब निघालं की रास बदलून मिळेल का, असं मी विचारून पाहिलं. नाही म्हणाले. मग तीनवर तडजोड झाली. तुला दिसत नाही म्हणून तुला जाता येत नाही, भाऊजी देवळात गेले की देवाकडे न बघता पाट्यांवरच्या चुका काढत बसतात, तेव्हा ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. तुझ्यासाठी मी ती आनंदाने पत्करली.

(भाऊजी, आनंदाने वगैरे काही नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून दिवस घालवलेत तर मोतीबिंदू दगडासारखा होईल, मग काढणं अवघड आणि नजर परत येईलच याची खात्री नाही. मागच्या खेपेला मी आलो तेव्हा अक्काने दारामागे टांगलेल्या तुमच्या कोटाला 'उभा का, बस ना' म्हटलं आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. मी तेव्हा खो खो हसलो. घरी परत येताना मात्र हसू आलं नाही. ती तीन काय, नऊच्या नऊ ग्रहांची देवळं करायला सांगती तरी मी गेलो असतो. फक्त हे तिला कळू देऊ नका, नाहीतर ती उरलेलेही सांगेल.)

निघायच्या आधी मी तिन्ही ग्रहांची वस्त्रं स्वतः धुतली आणि स्वतः इस्त्री केली: सूर्याचं लाल, चंद्राचं पांढरं, शनीचं काळं. घड्या अशा की ग्रहांनी पाहत राहावं. पिशवीत नीट रचली आणि पहिल्यांदा सूर्याच्या देवळाकडे निघालो. हे देऊळ टेकडीवर आहे, पूर्वेला तोंड करून. वर्षातून एकाच दिवशी पहाटेचा पहिला किरण दारातून शिरतो तो सरळ मूर्तीच्या मुखावर पडतो, आणि तो क्षण ज्याला दिसला त्याच्या घरच्यांचे नेत्रदोष जातात असं तिथे मानतात. दुरून दुरून माणसं येतात. मी अंधारातच टेकडी चढून गेलो, गर्दीतून वाट काढली आणि अगदी मोक्याची जागा पटकावली. अक्का, सूर्यनारायणाची मूर्ती आणि मी, मध्ये कोणी नाही. असं दर्शन भाग्यवानालाच मिळतं.

(मध्ये कोणी नाही हे खरं आहे. कारण मी दारात उभा होतो. सगळे लोक दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून का उभे आहेत आणि एवढी ऐसपैस मधली जागा कोणी का घेत नाही, याचं मला आश्चर्यच वाटलं होतं. सूर्य उगवला, किरण निघाला, आला, आणि माझ्या पाठीवर थांबला. माझ्या अंगाचा विस्तार तुम्ही जाणताच. मूर्तीवर किरणाच्या जागी माझी सावली पडली, कानांसकट. एकदम ओरडा झाला. मला वाटलं जयघोष चाललाय, म्हणून मीही हात वर केले, त्यामुळे उरलेली जागाही झाकली गेली. पुजाऱ्यांनी मला दंडाला धरून बाजूला ओढेपर्यंत सूर्य वर सरकला होता. एक आजीबाई म्हणाल्या, मेल्या, वर्षभर थांबले होते रे. मला अक्कासारख्याच दिसल्या त्या. खाली मान घालून मी देवळामागच्या कुंडावर जाऊन बसलो, आणि तिथे शरमेने पिशवी कुठे ठेवली याचं भान राहिलं नाही. ती कुंडात गेली.)

पहिलं वस्त्र सूर्याला पोहोचलं. पुजारीबुवा म्हणाले की असा भाविक त्यांच्या पाहण्यात नाही. तिथून मी चंद्राच्या देवळाकडे निघालो. प्रवास सुखाचा झाला.

(पिशवीत सूर्याचं लाल कापड ओलं झालं. दुकानदाराने पक्का रंग म्हणून शपथ घेतली होती. भाऊजी, जो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांना बजावतो की रंगीत कपडा पांढऱ्यात मिसळू नका, त्याच्याच पिशवीत चंद्राचं पांढरं वस्त्र गुलाबी झालं. नुसतं गुलाबी नाही, कुठे गडद, कुठे फिकट. माझ्या लाँड्रीत कोणी असं कापड आणलं असतं तर मी नाक मुरडून परत केलं असतं. मी स्टेशनच्या प्रतीक्षालयात नळाखाली ते पुन्हा पुन्हा चोळलं. ज्यांना हात धुवायचे होते ते मागे उभे राहून मला साबण सुचवत होते.)

चंद्राचं देऊळ मला फार आवडलं. टेकडी नाही, पायऱ्या बेताच्या, सगळं गार आणि शांत. तिथले पुजारीही स्वभावाने शीतल. त्यांनी तुझ्या नावाने यथासांग संकल्प केला. तुझं नाव, गोत्र, नक्षत्र सगळं खणखणीत उच्चारलं. डाव्या डोळ्याची काळजी तू आता मनातून काढून टाक.

(नावाचंच सांगतो. पुजारी म्हणाले, यजमानीणबाईंचं नाव? मी म्हटलं, अक्का. ते म्हणाले, पूर्ण नाव सांगा. मी म्हटलं, थोरली अक्का. भाऊजी, त्या क्षणी माझ्या डोक्याची पाटी कोरी झाली. जन्मल्यापासून मी तिला दुसऱ्या कशानेही हाक मारलेली नाही. त्यातून तुम्ही लग्नात तिचं नाव बदललंत, आणि बदललेल्या नावाने तर तुम्हीही तिला कधी हाक मारली नाहीत. मागची रांग खोकायला लागली. गोत्र विचारलं तर तुमचं गोत्र मला ठाऊक नाही. पुजारी म्हणाले, आठवत नसेल तर कश्यप म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, मग कश्यपच असेल. नक्षत्रापाशी मी तिचा स्वभाव सांगू लागलो, त्यावरून काही अंदाज येतो का म्हणून. शेवटी त्या भल्या माणसाने 'अक्का नामक भगिनी' असा संकल्प सोडला. म्हणजे पुण्य मिळालंच असेल तर ते जगातल्या यच्चयावत अक्कांमध्ये वाटलं गेलं आहे, आपल्या अक्काच्या वाट्याला फार तर पापणीपुरतं आलं असेल. गुलाबी वस्त्र पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. हा उगवतीचा चंद्र आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ते तसंच चंद्राला नेसवलं. शीतल माणूस.)

राहिला शनी. पंचांगकाकांनी बजावलं होतं, शनीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूने जायचं, नजरेला नजर भिडवायची नाही, तेल वाहायचं, आणि निघताना मागे वळून बघायचं नाही. शिवाय पायातलं पादत्राण तिथेच सोडून यायचं, म्हणजे पीडा तिथेच राहते. हे सगळं मी केलं. काळ्या वस्त्राला काही झालं नव्हतं, काळ्याचा हाच एक फायदा. बाजूने गेलो, डोळे मिटून तेल वाहिलं, चपला सोडल्या आणि मागे न बघता निघालो. तुझी पीडा मी तिथे ठेवून आलो आहे, अक्का.

(मागे न बघता निघालो आणि फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की पिशवी आतच राहिली, तिच्यात परतीचं तिकीट. वळायचं तर नाही. म्हणून मी पाठमोरा चालत आत गेलो. भाऊजी, तेल सांडलेल्या फरशीवरून उलटं चालणं हे माझ्या शरीराला झेपणारं काम नव्हे. मी एका वकीलसाहेबांना घेऊन खाली बसलो. वकील असल्याचं त्यांनीच सांगितलं, दोनदा. मग चपलांचं. माझ्या चपला मी सोडून आलो खरा, पण बाहेर रस्ता इतका तापला होता की पाय भाजू लागले. चपलांच्या ढिगात एक बरा जोड दिसला, तो घालून स्टेशन गाठलं. गाडी सुटल्यावर शेजारच्या बाईंनी समजावून सांगितलं की त्या ढिगातला प्रत्येक जोड म्हणजे कुणी ना कुणी सोडलेली साडेसाती. म्हणजे अक्काची पीडा तिथे ठेवून मी कुणा परक्याची पीडा पायात घालून घरी आलो आहे. एक नंबर मोठी होते, पण चामडं चांगलं आहे. टाकवत नाही.

आणखी एक. शनीपुढे डोळे मिटून उभा होतो तेव्हा काय आठवलं सांगू? लहानपणी दवाखान्यात मला सुई टोचायची वेळ आली की अक्का माझ्या डोळ्यांवर तळवा ठेवायची. तळव्याला खोडरबराचा वास यायचा. 'तू बघू नकोस, तुझ्या वाटचं मी बघते,' म्हणायची. आणि खरंच बघायची, डोळे मोठ्ठे करून, सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत. ती स्वतः तेव्हा केवढी होती हो? तेवढ्यासाठी तेलाची बाटली रिकामी झाली तरी मी ती ओततच राहिलो. लोकांना वाटलं भक्ती.)

तर अशी तिन्ही क्षेत्रं निर्विघ्न पार पडली. परत आल्यावर मी पंचांगकाकांना भेटून सगळा वृत्तांत सांगितला. ते प्रसन्न झाले आणि त्यांनी तिथल्या तिथे मुहूर्त काढून दिला: येत्या बुधवारी सकाळी. योग असा आहे की पुढे कित्येक दिवस सापडणार नाही. योगायोग असा की आपल्या डॉक्टरांचा शस्त्रक्रियेचा वारही नेमका बुधवारच.

(पंचांगकाका मला त्यांच्या घरी भेटले नाहीत. ते भेटले डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मी अक्कासाठी तारीख विचारायला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर काळा चष्मा लावून, मफलर नाकापर्यंत ओढून एक गृहस्थ बसले होते. मला पाहताच त्यांनी मासिक तोंडापुढे धरलं. मासिक बाळंतपणावरचं होतं, म्हणून मला शंका आली. भाऊजी, काकांनी सूर्य आणि चंद्र दोन्ही नुकतेच बदलून घेतले आहेत! मी विचारलं, काका, कोणती क्षेत्रं केलीत? ते मफलर नाकाखाली ओढून म्हणाले, डॉक्टर म्हणाले बुधवारी या, मी बुधवारी आलो. आणि शनीची नजर? ते म्हणाले, माझीच नजर गेली होती हो, शनीची कुठे बघत बसता. मग हळूच म्हणाले, बाईंना बोलू नका, आमच्या धंद्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, बोलत नाही, बुधवारचा मुहूर्त द्या. त्यांनी पंचांग न उघडता दिला. आणि एक सांगतो, त्या माणसाने समोरच्या भिंतीवरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ मला वाचून दाखवली. मला ती दिसली नाही.)

असो. पत्र फार लांबलं. भाऊजींचा घसा सुकला असेल, त्यांना पाणी दे. आमच्या हिचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : भाऊजी, हे मोठ्याने वाचा. अक्का, कंसातला शब्द न् शब्द तू ऐकला आहेस हे मला माहीत आहे. तुझा नवरा जन्मात कंस सोडायचा नाही. छापलेला असो की हाताने लिहिलेला, कंस दिसला की त्यांचा आवाज आपोआप चढतो. मी पत्र लिहायला बसलो तेव्हाच ते गृहीत धरलं होतं. तुला सरळ काही सांगितलं की तू पंखा लावून झोपतेस; 'अक्काला कळू देऊ नका' म्हटलं की कान टवकारून बसतेस. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. आता हिशेब तूच कर. सूर्याला मी सावलीत घातलं, चंद्राला डागाचं कापड नेसवलं, आणि शनीला तर चपलांसकट घरी घेऊन आलोय. ग्रहांच्या बाजूने आता काहीही आशा उरलेली नाही. एक डॉक्टर तेवढा राहिला आहे.

ता. क. दुसरं : मी मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येतोय. तुझी बॅग भरून ठेव, तो खाकरणारा पंखा घेऊ नकोस, तिथे पंखे आहेत. तू शनीला भीत नाहीस हे मी ओळखून आहे. जी बाई घर रिकामं करा म्हणून दारात आलेल्या घरमालकाला भ्यायली नाही ती शनीला काय भिणार! तुला त्या टेबलाची भीती वाटते, आणि डोळ्यांवर सोडलेल्या त्या दिव्याची. हे तू कुणाला सांगणार नाहीस, म्हणून तुझी ती भीती मीही पंचांगकाकांच्या नावावर खपू दिली. मी डॉक्टरांना विचारलंय. दाराला काच आहे, बाहेर उभं राहायला ते हरकत घेत नाहीत. या खेपेला तू बघू नकोस. तुझ्या वाटचं मी बघतो.

ता. क. तिसरं : हे पत्र फेकू नकोस. पट्टी निघाली की स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यापासून वाच, आणि भाऊजींनी कुठे काही गाळलंय का ते तपास. (भाऊजी, हे एवढं मात्र खरोखरच मनात वाचा. मला फार भीती वाटतेय. मंगळवारी दार तुम्ही उघडा, आणि माझा आवाज ठिकाणावर येईपर्यंत तिलाच बोलू द्या. ते तिला जमेल.)